गुरुजी समुद्रावर जातात तेव्हा...

मित्रमैत्रिणींनो, चिरनेर हे नाव तुम्ही ऐकलंय ना? उरण तालुक्यातलं गाव. पनवेलहून निघालं की थोड्या वेळात तिथं पोचता येतं. इतिहासाच्या तासाला या गावाचं नाव येतं ते जंगल सत्याग्रहासाठी. इंग्रज सरकारच्या जाचक जंगल कायद्याविरुद्ध २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेर आणि आसपासच्या गावांतली माणसं अक्कादेवीच्या माळरानावर जमली. गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. आपल्या जंगलावर आपला हक्क आहे, हे सांगण्यासाठी साध्यासुध्या शेतकऱ्यांनी, आदिवासींनी प्राण दिले.

चिरनेरच्या एका बाजूला असे डोंगर आणि जंगल आहे. आणि दुसऱ्या बाजूला? दुसऱ्या बाजूला गेलं की खोपट्याची खाडी लागते. पुढे करंजा, उरण आणि मग अथांग समुद्र. खारफुटीची दाट तिवरं, भातशेतीला खाऱ्या पाण्यापासून वाचवणारे मातीचे बांध, मिठागरं, आणि ओहोटी लागली की उघडा पडणारा मऊ, काळा चिखल.

आता एक प्रश्न विचारू? व्हेल माशाचं चित्र काढायला सांगितलं, तर तुमच्यापैकी बहुतेक जण पटकन काढतील. पेंग्विनही जमेल. पण खाडीच्या चिखलात राहणाऱ्या दहा जिवांची नावं सांगा बरं! निवटी, चिंबोरी, कोळंबी, कालव... आणि मग? मग गाडी अडते. ज्यांच्या घरी होडी आहे किंवा आजी चिखलात जाऊन कालवं काढते, ती मुलं पुढे जातील. बाकीचे आपण गप्प!

असं का होतं? कारण समुद्र आपल्याला पुस्तकातून शिकवला जातो, आणि शिकवणाऱ्या बाईंनी किंवा गुरुजींनीही तो बहुतेक वेळा पुस्तकातूनच शिकलेला असतो. यात त्यांचा दोष नाही. पण समजा, शिकवणारा माणूसच एक दिवस उठून समुद्रावर गेला, शास्त्रज्ञांच्या बरोबरीनं जाळं ओढू लागला, मोजमापं घेऊ लागला, तर? तर त्याच्या धड्याचं काय होईल? आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे. गोष्ट खरी आहे, आणि ती फिरून फिरून आपल्याच किनाऱ्यावर येणार आहे.

आधी सांगा, भरती किती वाजता?

समुद्राचं शास्त्र फक्त प्रयोगशाळेत असतं असं समजू नका. कोकणातल्या कोळ्यांना आणि खाडीकाठच्या शेतकऱ्यांना पिढ्यानपिढ्या एक हिशोब ठाऊक आहे. आज तिथी कोणती ते बघायचं आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, साधारण त्या वाजता भरती!

करून बघू. चिरनेरला महागणपतीचं जुनं देऊळ आहे, म्हणून चतुर्थीच घेऊ. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे चतुर्थीला भरती पूर्ण होणार दुपारी तीनच्या सुमारास, आणि पुन्हा रात्री तीनच्या सुमारास. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, म्हणजे नऊ वाजता. अष्टमीला? आठाची पाऊणपट सहा. एकादशीला? सव्वाआठ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, हिशोब तोच.

यामागचं कारण चंद्रात आहे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, आणि भरतीही त्याच्यामागोमाग रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊणपटीच्या हिशोबात आपण ४५ मिनिटं धरतो, म्हणून पौर्णिमेपर्यंत थोडी चूक साठत जाते. खाडीच्या आतल्या भागात पाणी पोचायला आणखी थोडा वेळ लागतो. पण पंचांग बघून होडी सोडायला हा हिशोब पुरेसा आहे. पौर्णिमा-अमावास्येला मोठी भरती येते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं, तो भांग.

बघा, हे ज्ञान कुणी पुस्तकात वाचून मिळवलेलं नाही. कुणीतरी रोज पाण्याकडे बघितलं, चंद्राकडे बघितलं, दोन्हींची सांगड घातली आणि मुलांना सांगितलं. बघणारा आणि शिकवणारा एकच होता, म्हणून ते टिकलं.

जहाजावरून वर्गात

आता आपण थोडं लांब जाऊ, इंग्लंडला. अ‍ॅलिस्टर हार्डी नावाचे एक प्राणिशास्त्रज्ञ होते. जन्म १८९६ चा. तरुणपणी ते लोस्टॉफ्ट या बंदरातल्या मत्स्य प्रयोगशाळेत काम करत होते. तिथं हेरिंग नावाचा मासा फार पकडला जायचा. हार्डींनी शोधून काढलं, की हा मासा लहान असताना काय खातो आणि मोठा झाल्यावर काय खातो. उत्तर होतं, पाण्यात तरंगणारे बारीक बारीक जीव. त्यांना शास्त्रज्ञ ‘प्लवक’ म्हणतात. काही प्लवक वनस्पतींसारखे असतात, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात. काही प्राणी असतात, ते या वनस्पतींना खातात. बहुतेक इतके लहान, की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसतच नाहीत.

पण त्यांना लहान समजू नका हं! पृथ्वीवर जेवढा प्राणवायू तयार होतो, त्यातला जवळपास निम्मा समुद्रातले हे वनस्पतिप्लवक तयार करतात. तुम्ही आत्ता श्वास घेतलात ना, त्यातही त्यांचा वाटा आहे.

१९२५ मध्ये हार्डी ‘डिस्कव्हरी’ या जहाजावर चढले. हे कॅप्टन स्कॉट यांचं प्रसिद्ध जहाज. दोन वर्षांची ही मोहीम दक्षिण महासागरातल्या देवमाशांचा अभ्यास करायला निघाली होती. त्या काळी तिथं देवमाशांची बेसुमार शिकार चालली होती. ती आवरायची, तर आधी देवमासा कुठं राहतो, काय खातो, हे कळायला हवं होतं. तो खातो क्रिल. क्रिल म्हणजे आपल्या जवळ्यासारखा किंवा छोट्या कोळंबीसारखा दिसणारा जीव. जगातला सगळ्यात मोठा प्राणी रोज कित्येक टन क्रिल गिळतो, आणि क्रिल जगतं प्लवकांवर!

आता अडचण अशी, की प्लवक समुद्रात सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. आभाळात जसे ढगांचे पुंजके असतात, तसे त्यांचे पुंजके असतात. जहाज थांबवून एका जागी जाळं टाकलं, तर कदाचित ते पुंजक्यात पडेल, कदाचित दोन पुंजक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत. एकाच दुकानात एकदाच डोकावून सगळ्या बाजारात काय काय आहे, ते सांगता येईल का? तसंच हे.

रेशमी पट्टीवर समुद्र

हार्डींनी यावर एक यंत्र काढलं. दिसायला लहानशा पाणतीरासारखं, धातूचं. जहाजाच्या मागे दोरानं बांधून ते ओढत न्यायचं. त्याच्या तोंडाला एक छोटं भोक. त्यातून पाणी आत शिरतं आणि रेशमाच्या पट्टीतून गाळलं जातं. पाणी बाहेर जातं, प्लवक पट्टीवर अडकतात. यंत्राच्या मागच्या बाजूला एक छोटा पंखा असतो, पाण्याच्या जोरानं तो फिरतो आणि पट्टी हळूहळू पुढे सरकत राहते. वरून दुसरी रेशमी पट्टी येऊन प्लवकांना मध्ये दाबून धरते, आणि दोन्ही पट्ट्या एका रिळावर गुंडाळल्या जातात. तिथं ते कुजू नयेत म्हणून औषधी द्रव असतो.

जहाज बंदराला लागलं, की रीळ उलगडायचं. पट्टीचा कुठला भाग म्हणजे प्रवासातली कुठली जागा, ते हिशोबानं कळतं. सगळा प्रवास कापडावर लिहिलेला! कपड्याच्या दुकानातल्या तागासारखा समुद्र उलगडून बघता येतो.

प्रवासाहून परतल्यावर हार्डी शिक्षक झाले. १९२८ मध्ये ते हल या शहरातल्या नव्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून रुजू झाले. पुढे अ‍ॅबर्डीन आणि मग ऑक्सफर्ड. पण प्राध्यापक झाले म्हणून ते वर्गात बसून राहिले नाहीत. १९३१ मध्ये त्यांनी आपलं यंत्र नेहमीच्या मालवाहू जहाजांच्या मागे बांधून नियमित पाहणी सुरू केली. आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरात येतात तशीच ही जहाजं, माल घेऊन जाता जाता शास्त्राचं कामही करणारी. त्यातून सुरू झालेली पाहणी आज नव्वदहून जास्त वर्षांची आहे. समुद्र तापतोय, प्लवक उत्तरेकडे सरकताहेत, हे शास्त्रज्ञांना कळलं त्यात या रेशमी पट्ट्यांचा मोठा हात आहे.

आणि हार्डींनी आणखी एक गोष्ट केली. साऱ्या आयुष्यात समुद्रावर जे पाहिलं, ते त्यांनी सामान्य वाचकांसाठी लिहून काढलं. ‘द ओपन सी’, म्हणजे ‘खुला समुद्र’, या नावाचं पुस्तक. पहिला भाग १९५६ चा, प्लवकांवर. दुसरा १९५९ चा, मासे आणि मासेमारीवर. त्यातली रंगीत चित्रंही त्यांनी स्वतः जिवंत नमुने समोर ठेवून काढली होती.

पुस्तक छापलं गेलं. दुकानांत गेलं. लोकांच्या घरी गेलं. आणि एक प्रत पोचली... कुठं? थेट आपल्या पुण्याला!

पुण्याची विद्यार्थिनी आणि बर्फाचा समुद्र

पुणे विद्यापीठात विज्ञान शिकणारी एक मुलगी होती, अदिती पंत. जन्म नागपूरचा, १९४३ चा. पुण्याला काही समुद्र नाही! पण घरच्यांच्या एका स्नेह्यांमुळे ‘द ओपन सी’ हे पुस्तक तिच्या हाती आलं. तिनं ते वाचलं, आणि ठरवलं, की आपण हेच शिकायचं. समुद्राचं शास्त्र.

त्या काळी आपल्याकडे मुली डॉक्टर होत, शिक्षिका होत. समुद्रशास्त्रज्ञ म्हणजे काय, हे मुलींनाच काय, मोठ्यांनाही धड सांगता आलं नसतं. अदिती पंत शिष्यवृत्ती मिळवून हवाई विद्यापीठात गेल्या. प्लवक सूर्यप्रकाशावर अन्न कसं तयार करतात, हा त्यांचा विषय. मग लंडन विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. केली आणि त्या भारतात परतल्या. गोव्याला १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली होती. १९७३ पासून त्या तिथं काम करू लागल्या. गुजरातमधल्या वेरावळपासून कन्याकुमारीपर्यंतचा आपला पश्चिम किनारा त्यांनी अभ्यासासाठी पालथा घातला. म्हणजे आपलाही किनारा त्यात आला!

आणि मग डिसेंबर १९८३ मध्ये भारताची तिसरी अंटार्क्टिका मोहीम निघाली. तीत दोन स्त्रिया होत्या. भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत. अंटार्क्टिकावर संशोधनासाठी गेलेल्या या पहिल्या भारतीय महिला. मार्च १९८४ पर्यंत ही मोहीम चालली. याच मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे भारताचं तिथलं पहिलं ठाणं उभं राहिलं.

तिथं त्या काय शोधत होत्या? तिथल्या समुद्रातली अन्नसाखळी! प्लवक, क्रिल, मासे, देवमासे. जवळजवळ साठ वर्षांपूर्वी ‘डिस्कव्हरी’ जहाजावर हार्डी ज्या साखळीमागे लागले होते, तीच. पुस्तक वाचणारी मुलगी पुस्तक लिहिणाऱ्याच्या वाटेवर जाऊन पोचली होती. आणि तेव्हा हार्डी हयात होते, ८७ वर्षांचे.

मित्रांनो, या गोष्टीतला दुवा लक्षात आला का? हार्डी समुद्रावर गेले नसते, तर ते पुस्तक तसं झालं नसतं. दुसऱ्यांच्या पुस्तकांवरून लिहिलेलं आणखी एक पुस्तक झालं असतं. ज्यानं स्वतः जाळं ओढलंय, ज्याचे हात थंडीनं बधिर झालेत, त्याच्या सांगण्यात काहीतरी वेगळं उतरतं. ते हजारो मैलांवरच्या, समुद्र नसलेल्या गावातल्या मुलीलाही ओढून नेतं.

आपलं कालव, आपलं पुस्तक

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशात! आपल्याकडे कुणी केलं का?

केलं की. आणि तेही त्याच सुमाराला. शंभर वर्षांपूर्वी आपल्या कॉलेजांत प्राणिशास्त्र शिकवायचे, तेव्हा पुस्तकं असायची इंग्लंडची. त्यात गांडूळही तिकडचं आणि शिंपलाही तिकडचा. टेबलावर कापायला समोर असायचं आपलं गांडूळ, आणि पुस्तकात आकृती परक्या गांडुळाची. दोन्हींचा मेळ बसेना. लखनौ विद्यापीठातले प्राध्यापक क. ना. बहल यांनी ठरवलं, की भारतातल्या प्राण्यांवर भारतातल्याच अध्यापकांनी पुस्तिका लिहायच्या. पहिली पुस्तिका त्यांनी स्वतः १९२६ मध्ये लिहिली, आपल्या गांडुळावर.

या मालेतली तिसरी पुस्तिका १९३१ ची. चिरनेरच्या सत्याग्रहानंतरच्या वर्षीची. ती लिहिली मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले प्राध्यापक पी. आर. आवटी आणि त्यांचे सहकारी एच. एस. राय यांनी. विषय काय असेल? कालव! आपल्या मुंबई-कोकणच्या खडकांना चिकटलेलं, कोयत्यानं टोचून काढतात ते कालव.

कालव मोठं मजेदार असतं. लहानपणी ते पाण्यात तरंगत फिरतं, म्हणजे तेही प्लवकच. मग एक दिवस ते जागा निवडतं आणि खडकाला, खांबाला किंवा दुसऱ्या कालवाच्या पाठीला चिकटतं. त्यानंतर जन्मभर तिथंच! पाणी आत घ्यायचं, त्यातले प्लवक गाळून खायचे आणि पाणी बाहेर सोडायचं. एक मोठं कालव तासाला कित्येक लिटर पाणी गाळू शकतं. म्हणजे आपल्या खाडीत हजारो छोटी गाळण्यांची यंत्रं फुकटात काम करताहेत.

आपल्या किनाऱ्यावर मिळणारा प्राणी, आपल्या प्राध्यापकांनी अभ्यासलेला, आपल्या विद्यार्थ्यांसाठी. ज्या मुलानं आजीबरोबर कालवं काढली असतील, त्याला ते पुस्तक उघडल्यावर काय वाटलं असेल? हे तर मला माहीत आहे! शिकण्याची सुरुवात या एका वाक्यानं झाली, तर पुढचं सगळं सोपं होतं.

शिक्षकांसाठी जहाजावर जागा

हार्डी आणि आवटी हे कॉलेजातले प्राध्यापक. पण शाळेतल्या शिक्षकांचं काय? पाचवी-सहावीच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईंना संशोधनाच्या जहाजावर कोण नेणार?

१९९० साली अमेरिकेतल्या समुद्र आणि हवामान पाहणाऱ्या सरकारी संस्थेनं नेमका हाच विचार केला. संशोधनाच्या जहाजावर शाळेतल्या शिक्षकांसाठी जागा ठेवायची! त्यानंतरच्या काळात शेकडो शिक्षक असे समुद्रावर जाऊन आले. आणि तिथं पाहुणे म्हणून खुर्चीत बसायचं नाही बरं का! दोन-चार आठवडे खलाशांसारखं राहायचं. बारा-बारा तासांची पाळी, कधी मध्यरात्री सुरू होणारी. जाळ्यात आलेले मासे निवडायचे, मोजायचे, त्यांची लांबी-वजन टिपायचं, समुद्राचं तापमान आणि खारटपणा मोजणारं यंत्र खोल पाण्यात सोडायला मदत करायची. बोट लागून उलट्या झाल्या तरी पाळी चुकवायची नाही!

यातला एक प्रयोग मुलांना भलताच आवडतो. थर्मोकोलसारख्या पदार्थाचे चहाचे पेले असतात ना, त्यांच्यावर वर्गातली मुलं आपापली नावं लिहितात, चित्रं काढतात. शिक्षक ते पेले जहाजावर नेतात आणि जाळीच्या पिशवीत घालून यंत्राबरोबर खोल समुद्रात सोडतात. समुद्रात दर १० मीटर खाली गेलं, की आपल्या डोक्यावरच्या सबंध हवेइतका दाब वाढतो. हजार मीटरवर शंभरपट! पेल्यातली सगळी हवा चेपून निघते आणि वर येतो तो शिवणकामाच्या अंगुस्तानाएवढा टणक पेला. वरचं नाव तसंच, फक्त इवलंसं! ‘दाब म्हणजे काय’ हा धडा त्या वर्गाला पुन्हा शिकवावा लागेल का?

आपल्याकडेही २०१७ पासून मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातून हौशी लोक, विद्यार्थी आणि शास्त्रज्ञ ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फिरतात आणि दिसलेल्या जिवांची नोंद करतात. त्यासाठी जहाज लागत नाही. गिरगाव, जुहूसारख्या गजबजलेल्या किनाऱ्यांवरच चालायचं. जिथं लोकांना फक्त भेळ आणि कचरा दिसायचा, तिथं रंगीत समुद्रगोगलगाई आणि समुद्रफुलं निघाली. ती आधीपासून तिथंच होती. बघणारं कुणी नव्हतं.

वही आधी हवी

आता पुन्हा आपल्या खाडीकाठी येऊ. हे सगळं इथं का सांगायचं? कारण इथं वेळ थोडा आहे.

१९८९ मध्ये न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं. आज ते देशातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी आणि न्हावाशेवा जोडणारा अटल सेतू खुला झाला. जवळपास २२ किलोमीटरचा, त्यातले साडेसोळा किलोमीटर समुद्रावरून. लोकांना रोजगार मिळाला, मुंबई जवळ आली. हे चांगलंच आहे. पण गोदामांसाठी, रस्त्यांसाठी भराव पडले, खाजणं बुजली, आणि पुष्कळ ठिकाणी मासळीही दूर गेली, असं कोळीवाड्यातली जुनी माणसं सांगतात.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या दोन जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल समुद्रात सांडलं. ते भरतीबरोबर उरण-अलिबागच्या किनाऱ्यावर आलं, तिवरांच्या मुळांना चिकटलं. तिवराची मुळं चिखलातून वर डोकं काढून श्वास घेतात, त्यांच्या नाकातच डांबर गेल्यासारखं झालं! मासेमारी थंडावली.

अशा वेळी पहिला प्रश्न असतो, नुकसान किती झालं? आणि त्याचं उत्तर द्यायला दुसरा प्रश्न विचारावा लागतो, आधी इथं काय होतं? या कोपऱ्यातल्या चिखलात किती निवट्या होत्या? कालवं किती होती? रोहित पक्षी कुठल्या महिन्यात येत होते? शास्त्रज्ञ मोठ्या जागांची नोंद ठेवतात. पण गावामागच्या प्रत्येक ओहोळाची नोंद कोण ठेवणार? जे कुणी लिहिलंच नाही, ते हरवलं हे सिद्ध कसं करणार?

म्हणून वही संकट यायच्या आधी हवी. आणि ती ठेवायला शाळेइतकी योग्य जागा दुसरी कुठली? शाळा दरवर्षी असते. मुलं बदलतात, वही तीच राहते. हार्डींच्या रेशमी पट्ट्यांचं मोल काय होतं? एका पट्टीचं फारसं नाही. वर्षानुवर्षं न चुकता गोळा झाल्या, म्हणून त्या बोलू लागल्या.

करून पाहा

एक जाड वही घ्या. पहिल्या पानावर शाळेचं नाव आणि खाडीकाठची एकच जागा ठरवून लिहा. बांधावरून किंवा पुलाजवळच्या कठड्यावरून नीट दिसेल अशी. दर महिन्याला त्याच जागी जायचं.

प्रत्येक वेळी लिहा: तारीख, तिथी, वेळ, पाणी चढतंय की उतरतंय, ऊन की पाऊस. तिथीच्या पाऊणपटीनं आलेली भरतीची वेळ आणि प्रत्यक्षातली वेळ, दोन्ही लिहा. तुमच्या खाडीला किती उशीर होतो, ते काही महिन्यांत कळेल.

मग दोरीनं एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकोन करा. ओहोटीच्या वेळी टणक जागेवर तो ठेवा आणि आतले जीव मोजा. खेकड्यांची बिळं किती? कालवं किती? निवटीवर नजर ठेवा. हा मासा असून पाण्याबाहेर चिखलात उड्या मारतो, कारण अंग ओलं असेपर्यंत तो कातडीतूनही श्वास घेऊ शकतो. डोळे असे डोक्यावर, की बेडूकच वाटावा! इवल्याशा खेकड्यांत एखादा एकच नांगी मोठी असलेला दिसेल. तो नर. ती नांगी हलवून तो मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नरांना धमकावतो.

नाव माहीत नसेल, तर घाबरू नका. चित्र काढा, किंवा मोठ्यांच्या मोबाइलवर फोटो काढून घ्या. आणि खाडीवर येणाऱ्या आजोबांना, मावशींना विचारा. ते सांगतील ते नाव जसंच्या तसं लिहा. ते नाव कदाचित कुठल्याच पुस्तकात नसेल!

पण काही गोष्टी कटाक्षानं पाळायच्या. एकट्यानं कधीच जायचं नाही, शिक्षक किंवा घरचं मोठं माणूस बरोबर हवंच. जायचं ते ओहोटी लागलेली असताना, आणि पाणी परत फिरायच्या आत निघायचं. मऊ चिखलात पाय घालायचा नाही, तो माणसाला धरून ठेवतो. पावसाळ्यात आणि उधाणाच्या दिवशी बांधावरूनच बघायचं. कुठलाही जीव घरी आणायचा नाही, उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवायचा.

थोडं पालकांसाठी आणि गुरुजनांसाठी

पालकहो, मूल चिखलानं भरून घरी आलं, तर एकदा रागवायच्या आधी त्याच्या वहीत डोकवा. तुम्हाला ठाऊक असलेली नावं त्याला सांगा. तुमच्या लहानपणी खाडीत काय काय मिळायचं, ते सांगा. तेही वहीत जाऊ द्या, ‘आईनं सांगितलं’ असं लिहून. तुमची आठवण हीसुद्धा नोंदच आहे.

आणि गुरुजनहो, तुम्हाला समुद्राचं सगळं माहीत असायला हवं, असं मुळीच नाही. पनवेललाच कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आहे. खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या ‘पनवेल’ नावाच्या जाती तिथंच तयार झाल्या. मुंबईला वर्सोव्यात मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं विभागीय केंद्रही मुंबईत आहे. तिथल्या लोकांना वर्गातल्या मुलांच्या सहीचं पत्र टाकून प्रश्न विचारून बघा. हार्डीही आधी शिकायला समुद्रावर गेले, शिकवायला नंतर आले. मुलांना ‘मलाही माहीत नाही, चला बघू’ असं म्हणणारा शिक्षक फार आवडतो.

अक्कादेवीच्या माळावर जमलेल्या माणसांना आपलं रान झाडाझाडानं ओळखीचं होतं. म्हणून त्यांना ते आपलं वाटलं. खाडीचंही तसंच आहे. आधी ओळख व्हायला हवी.

तुमच्या वहीचं पहिलं पान अजून कोरं आहे ना? मग पंचांग बघा. येत्या चतुर्थीला सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी आहे.